साहेबांसमोर दुखत नाही

फौजेत मी कारकून होतो. आता गोंदियात माजी सैनिकांचे पेन्शनचे अर्ज लिहून देतो. दुखापत नोकरीमुळेच झाली का आणि ती किती टक्के, हे डॉक्टरांचं बोर्ड ठरवतं. तोवर आमची मंडळी चहाच्या टपरीवर माझं डोकं खातात. फाइल जागची हलत नाही, किस्से मात्र वाढत जातात.

*

इस्तारी हा तोफखान्यातला जवान. तोफांच्या आवाजानं दोन्ही कान गेलेले. ते पुन्हा तपासायचे म्हणून बोर्डानं त्याला बोलावलं, तेही फोनवर! मग पत्र आलं, 'फोनला उत्तर नाही, अर्जदार गैरहजर.'

मी पत्र त्याच्यापुढे धरलं. त्यानं सावकाश वाचलं आणि म्हणाला, "हेच जोडून दे ना. याच्याहून मोठा पुरावा कोठून आनू?"

जोडलं. मंजूर झालं.

*

धनलाल लंगरचा आचारी. त्याचा बीपीचा क्लेम फेटाळला, कारण नेमणूक सरहद्दीवर नव्हे, 'शांत क्षेत्रात' होती. तो माझ्यावरच तापला.

"शांत? अख्ख्या पलटनीची दाल करपली, अन् सुभेदार साब ताट घेऊन समोर उभे. तुमी या एकदा त्या शांत क्षेत्रात."

अपिलात मी हे जरा सौम्य करून लिहिलं. उत्तराची वाट पाहण्यात त्याचं बीपी आणखी वाढलंय.

*

दरेकसा गावचा सदाराम ड्युटीवर ट्रकमधून पडला, तेव्हाच गुडघा कामातून गेला. जंगलातली मजुरीही सुटली. घर चालायचं तर दुखापतीची ही वाढीव पेन्शन हवीच होती.

बोर्डात कर्नलसाहेबांनी विचारलं, "कैसे हो जवान?"

हा ताठ उभा. "एकदम फिट, साब!"

क्लेम गेला. बाहेर येऊन गडी पायरीवर गुडघा धरून कण्हत बसला.

"काऊन असं बोलला बे?" मी विचारलं.

"समोर कर्नल होते ना जी. त्यायच्यापुढं दुखते कसं म्हनू?"

मला त्याचा राग आला आणि वाईटही वाटलं.

*

शेवटचं अपील उरलं. टपरीवर आम्ही तालीम घेतली. मी कर्नल झालो, धनलालनं लंगडून दाखवलं. पण सदाराम लंगडायचा तेही लेफ्ट-राइटच्या तालात. आम्ही हात टेकले.

*

अपिलाच्या दिवशी बोर्डावर एक मॅडम होत्या. दार उघडं, मी बाहेरच्या बाकावर. सदारामनं पुन्हा तेच ठोकलं, "फिट, साब!" मी कपाळावर हात मारला.

तेवढ्यात त्याची बायको कौशल्या दारावरच्या शिपायाला बाजूला सारून आत शिरली.

"मॅडम, हे खोटं बोलून राहिले. आधी मी रुसून भुईवर बसली का हे बाजूले बसून मनवत. गुडघा गेला तवापासून उभ्यानंच म्हनतेत, 'चाल, ऊठ.'"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "आप बैठिए नीचे." कौशल्या बसली. "अब मनाओ इनको, जवान."

सदारामनं टेबलाची कड धरली आणि वाकू लागला. अर्ध्यात अडकला. तोंड घामानं भिजलं, पण मान ताठच.

कौशल्यानंच त्याचा हात धरला.

"राहू द्या जी. मानली मी."