टेंभी स्टेशनची तिकिटं

जलंबहून खामगावला जाणाऱ्या छोट्या रेल्वेवर टेंभी नावाचं एक स्टेशन होतं. गोऱ्यांनी कापसाच्या गाठी न्यायला रूळ टाकले, तेव्हा निंबाखाली पत्र्याची एक खोली ठोकली आणि बाहेर रुळाचा तुकडा टांगला. झाली घंटा! पुढे गोरे गेले, गाठी ट्रकने जाऊ लागल्या. घंटा राहिली, आणि ती बडवणारा इंद्रभान पोर्टर राहिला.

घंटा देणं आणि फाटकात तिकिटं तपासणं, एवढंच त्याचं काम. पहिलं तो चोख करी. दुसऱ्याचं नावच नको. येणारा कोणाचा मामा, कोणाची मावशी. तिकीट मागायचं तरी कुणाला? तिकीट कापायचा सरकारी चिमटा खिळ्यावर गंजत पडला होता. भाजीची टोपली घेऊन गीताबाई यायची आणि म्हणायची, "इंद्रभानभाऊ, आपल्याच गावची गाडी, अन् आपल्यालेच तिकीट मांगता का?" वर मेथीची एक जुडी त्याच्या हातावर ठेवायची. जुडी म्हणजे काही लाच नव्हे, असं इंद्रभानचं ठाम मत होतं. एकोणीस वर्षं त्यानं गाव फुकट चढवलं, आणि त्याचा त्याला केवढा अभिमान!

१९६८ च्या उन्हाळ्यात वरून साहेब आले. स्टेशनमास्तरांची तिकीटविक्रीची वही चाळून म्हणाले, "रोजचे सहा-सात प्रवासी. एवढ्यासाठी स्टेशन कशाला ठेवायचं?"

इंद्रभान पुढे झाला. "साहेब, दोनशे माणूस चढते रोज. मी सोता पाह्यतो."

"मग तिकिटं कुठं आहेत?"

खरं सांगावं तर इंद्रभानची नोकरी जाणार, गावाला दंड बसणार. आणि सांगूनही वहीतले सात काही दोनशे होणार नव्हते. साहेबांनी स्टेशन बंद करायच्या कागदावर सही केली.

आपल्याच हातानं आपण स्टेशन बुडवलं, हे इंद्रभानला कळून चुकलं होतं. गावात गेला की लोक त्यालाच विचारत, "काऊन बंद करून राह्यले बे?" काय सांगणार बिचारा!

शेवटच्या दिवशी तो सकाळी आला, तर खिडकीपासून निंबापर्यंत रांग. तिकिटं खपत नाहीत म्हणून स्टेशन चाललंय, हे मास्तरांकडून गावाला कळलं होतं, आणि अख्खं गाव तिकीट काढत होतं. मास्तरांकडची पुठ्ठ्याची तिकिटं संपली, तरी लोक हलेनात.

गीताबाई फाटकात आली. टोपली सावरत तिनं तिकीट पुढे केलं. "हे घ्या भाऊ. आता तं नाई ना करत बंद?"

इंद्रभाननं खिळ्यावरचा चिमटा काढला. गंजानं तो दाबता दाबेना. दोन्ही हातांनी जोर लावून त्यानं तिकिटाचा कोपरा कापला.

"चढ बाई, गाडी आली," एवढंच तो म्हणाला, आणि तिच्याकडे न बघता घंटा द्यायला गेला.