दरडीखालची सावली

बालाघाटाच्या पायथ्याला असलेल्या आमच्या गावची नदी उन्हाळ्यात कोरडीच असायची. दुष्काळाच्या त्या वर्षी ती पावसाळ्यातही वाहिली नव्हती. बाया पाझर तलावाच्या कामावर जायच्या आणि जाताना लहान पोरांना नदीच्या वाळूत सोडायच्या. ती जागा कुणी मुलांसाठी म्हणून केलेली नव्हती. एका बाजूला करंजाची चार झाडं, मध्ये मऊ वाळू, पलीकडे मातीची उंच दरड. पोरं पायावर वाळू थापून खोपे करायची, करंजाच्या शेंगांचे बैल जुंपायची. सगळ्यांत आवडता खेळ झिऱ्याचा. हातभर उकरलं की ओल लागायची, आणखी उकरलं की तळाशी पाणी जमायचं. ते करवंटीनं काढून आयांसाठी राखून ठेवायचं, असा पोरांचा नियम होता.

त्यांच्यावर लक्ष ठेवायचं काम माझ्याकडे होतं. मी दहा वर्षांची, माझा भाऊ पाचाचा. माझं लक्ष ठेवणं म्हणजे करंजाखाली बसून पुस्तक वाचणं.

त्याच उन्हाळ्यात गावच्या सहकारी सोसायटीनं गोदाम बांधायला घेतलं. भर पात्रात ट्रॅक्टर रुततो म्हणून चेअरमननं दरडीच्या पायथ्यातून वाळू काढायला लावली. आठ-दहा दिवसांत दरडीच्या पोटात खोलीएवढी कपार झाली. आत गार सावली होती. आम्हाला वाटलं, ही आपल्यासाठीच केली. ऊन चढलं तेव्हा मीच पोरांना म्हणाले, आत जाऊन खेळा. हे मी आईला अजून सांगितलेलं नाही.

बाकीची पोरं पाणी प्यायला बाहेर आली होती. भाऊ आत एकटाच झिरा उकरत होता. दरड बसली तेव्हा फार मोठा आवाज झाला नाही, कुणी भरलेलं पोतं खाली टेकवल्यासारखा झाला. मी वाचत होते ते पान संपवून वर पाहिलं.

दुसऱ्या दिवशी चेअरमनच्या घरून कडू घास आला. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, दुसऱ्यांनी आणलेली पिठलं-भाकरी खायची असते. आमच्या गावात त्याला आणखी एक जोड होती. ज्याच्या घरचा कडू घास खाल्ला त्याच्याविरुद्ध तोंड उघडायचं नाही. आईनं ताट बाजूला सारलं. वडिलांनी खाल्लं. कित्येक महिने आम्ही सरकारी लाल ज्वारीवर होतो आणि ती भाकरी पांढरी होती. मी त्यांना दोष देत नाही.

मग पंचनामा झाला. मुलं दरडीखालची माती उकरत असताना दरड कोसळली, असं त्यात लिहिलं. खाली पंच म्हणून चेअरमनची सही आणि बाजूला वडिलांचा अंगठा. आईला वाचता येत नव्हतं, पण ते वाक्य तिला पाठ झालं. जात्यावर बसली, भांडी घासायला बसली, की मध्येच म्हणायची, "माझ्या लेकरानं न्हाई पाडली दरड."

राग काळानं निवतो म्हणतात. मी माझा निवू दिला नाही. बीडला राहून शिकले, शिक्षिका होऊन गावात परत आले. चेअरमन दिसले की वाकून नमस्कार करायचे आणि घरी येऊन हात धुवायचे.

सोसायटीला पन्नास वर्षं झाली तेव्हा स्मरणिका काढायचं ठरलं. चेअरमन थकले होते, त्यांच्या जागी मुलगा होता. करंज तोडून तिथं फरशी घातली होती, घसरगुंडी बसवली होती आणि बालोद्यान म्हणून त्यावर चेअरमनचं नाव टाकलं होतं. स्मरणिकेचं काम मी मागून घेतलं. तीन दुपारी त्यांच्या ओसरीवर बसून त्यांच्या आठवणी उतरवून घेतल्या. बढाई मारणाऱ्याला गप्प बसणारं माणूस लागतं. गोदामाचा विषय निघाला तसे ते खुलले.

"टॅक्टर रुततो म्हून लोक वाळूला लई लांब जायचे. म्या म्हणलं, कावून? दरडीखालनं काढा. म्या सोता उभं राहून दाखिवलं, हितून उकरा. गडी म्हणले, आबा, वरून बसंल. म्या म्हणलं, बसू द्या की, भरावाला माती फुकट भेटंल."

ते हसले. मीही थोडं हसले. समोर कोण बसलंय हे ते विसरले होते, की त्यांच्या ध्यानात ते कधी राहिलंच नव्हतं, मला कळलं नाही. घरी येऊन मी एकही अक्षर न बदलता लिहून काढलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांना वाचून दाखवलं. बेस हाय, म्हणाले, आणि पानापानावर सही केली.

सोसायटीच्या माणसांनी स्मरणिका घरोघर वाटली. चौथ्या दिवशी चेअरमनचा मुलगा माझ्या दारात उभा राहिला. गावात चर्चा सुरू झालीय, आबा जेवत नाहीत, तेवढं पान तुम्ही काढून घ्या, असं त्याचं म्हणणं होतं.

"मी कशी काढू? वाटल्या तुम्ही. घरोघर जाऊन मागा."

"काय म्हणून मागू, बाई?"

"कोणतं पान, ते सांगून मागा."

तो खरंच गेला. ज्यांनी स्मरणिका उघडलीही नव्हती त्यांनी ती फळीवरून काढली, त्याच्यासमोर ते पान वाचलं आणि मग फाडून दिलं. काहींनी दिलंच नाही. दरड बसली त्या दिवशी तलावावरून फावडं घेऊन धावत आलेल्या बायांपैकी एक अजून आहे. तिनं नातीला मोठ्यानं वाचायला लावलं आणि वाचून होईस्तोवर त्याला ओसरीवर बसवून ठेवलं.

मी आईपाशी बसले. तिला आता कमी ऐकू येतं, म्हणून कानाशी वाकून वाचलं. पान घडी करायला लागले तेव्हा तिनं माझा हात धरला.

"आता पुन्यांदा वाच," ती म्हणाली. "सावकाश."