तेवीस दिवसांची ओळ

एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना गळ्यात घालायचं बटण पुरवणारी हिंजवडीतली एक कंपनी. तनुजा मोकाशी तिथं नोंदी चाळते. बटण दाबलं की एक नोंद, कंपनीतून उत्तर गेलं की दुसरी. त्या एकत्र करायला संगणकाला द्यायच्या आज्ञा दोन. ‘स्टॅट्स’ बटणाच्या एका क्रमांकाच्या सगळ्या नोंदींचा चटकन ढीग लावते. ‘ट्रान्झॅक्शन’ त्याच नोंदी वेळेप्रमाणे माळेत ओवते आणि मध्ये मोठा खंड पडला की नवी माळ धरते. पण फार रेंगाळते. साहेबांना अहवाल जेवणाआधी लागायचा, म्हणून तनुजा वर्षभर ढीगच लावत आली.

मार्चच्या अहवालात एक ओळ आली: बटण ४१७, उत्तर मिळायला तेवीस दिवस. ‘यंत्र खुळावलंय,’ म्हणत तिनं ती पुसून टाकली. सरासरी कशी छान दिसू लागली.

जूनमध्ये वारज्याहून स्वराली जोगचं पत्र आलं. तिची आई सुहासिनीबाई मार्चमध्ये घरात पडून वारली होती. आईनं बटण दाबलं होतं का? कंपनीनं अहवाल पाहून कळवलं, उत्तराविना राहिलेली हाक एकही नाही. मग पत्रावरचा बटणाचा क्रमांक तनुजानं वाचला. ४१७.

तिनं ट्रान्झॅक्शन लावली. चाळीस मिनिटांनी दोन माळा निघाल्या. माणूस गेला की कंपनी बटण पुसून पुढच्याच्या गळ्यात घालते, क्रमांक तोच. तेवीस दिवसांनंतरची माळ यज्ञेश्वर नावाच्या आजोबांची: दाबलं, उत्तर गेलं. आधीची सुहासिनीबाईंची: दाबलं, दाबलं, दाबलं, दाबलं. पुढं काही नाही. ढिगात आजोबांचं उत्तर बाईंच्या नावावर लागलं होतं.

“एकदा कळवलंय ना त्यांना?” तिनं दाखवलेल्या माळा पाहून इंद्रजीत साहेब म्हणाले. “आता उकरू नका. नोकरी करायचीय ना?”

तनुजा जागेवर जाऊन पुढच्या नोंदी चाळू लागली. पण त्या चार हाका काही तिला सोडेनात. लिफ्टचं बटण कोणी उगाच दोनदा दाबलं, की तिसऱ्यांदा दाबेल म्हणून ती वाट बघत राहायची. चौथ्या दिवशी दुपारी तिनं स्वरालीला फोन लावला.

“दाबलं होतं त्यांनी. चार वेळा. चूक माझी आहे. अहवालातली त्यांची ओळ मीच पुसली.”

मग स्वराली म्हणाली, “बटण हाताशी असून दाबलं नाही, म्हणून तीन महिने आम्ही आईलाच नावं ठेवतोय.” आणि अगदी कोरड्या आवाजात तिनं विचारलं, “अशा आणखी किती ओळी पुसल्यात तुम्ही?”

तनुजाला आठवेना. फोन ठेवून तिनं वर्षाच्या पहिल्या दिवसापासून माळा ओवायला घेतल्या.