एकोडीच्या कपाटावरची घडी

बसा, चहा येतोच आहे. तोवर, भर दुपारी, घरच्या सगळ्या माणसांच्या देखत मी एका भल्या गृहस्थाचं घड्याळ कसं उचलून आणलं, ते सांगतो. नोकरीत असताना ही गोष्ट बोलायची सोय नव्हती. आता पेन्शन सुरू झाली आहे, तेव्हा काय व्हायचं ते होवो.

नव्वद-एक्याण्णवचे दिवस असतील. मी साकोलीला एका कचेरीत कारकून होतो. माझा शाळेपासूनचा दोस्त मधुकर वरठीला पोलादाच्या कारखान्यात होता. तिथल्या आवाजात बोललेलं कोणाला ऐकू जात नाही, म्हणून की काय, त्याची बोलण्याची सवयच सुटली होती. त्याच्यासाठी एकोडीची एक मुलगी सांगून आली. घरच्यांनी म्हटलं, आधी तू पाहून ये, मग आम्ही मोठी माणसं जाऊ. तो मला घेऊन निघाला.

"तू फक्त बोल," एसटीत तो म्हणाला. "मी बसतो."

बोलायच्या कामाला मी कधी नाही म्हटलंय का?

मुलीच्या वडिलांचं नाव नत्थूजी, पण सारा गाव त्यांना घडीवाले बापू म्हणायचा. आमच्याकडे मनगटावरच्या घड्याळाला घडीच म्हणतात. बापूंची शेती धानाची, पण जीव जुन्या घड्याळांत. कोणाच्या आजोबांच्या पेटीत पडलेलं, कोणा पेन्शनर स्टेशनमास्तरने काढून टाकलेलं, बाजारात खिळे-बिजागऱ्यांच्या ढिगात सापडलेलं. असलं घड्याळ दिसलं की बापू ते घरी आणत, पुसत, नवा पट्टा लावत. काही चालू होत. जी होत नसत, त्यांचाही मान तेवढाच.

बैठकीत पाऊल टाकलं आणि मी कशासाठी आलो आहे हेच विसरलो.

समोरच्या भिंतीला या टोकापासून त्या टोकापर्यंत पुस्तकांचं कपाट होतं. आता पुस्तकं मीही बाळगून होतो, पण माझी खाटेखाली, गोणपाटावर. इथे प्रत्येक फळीवर पुस्तकांच्या जोडीला एक घड्याळ आणि एकेक वस्तू मांडलेली, आणि तीही उगीच नाही. प्रवासवर्णनांपाशी स्टेशनमास्तरांचं घड्याळ आणि रेल्वेचा जुना कंदील. शेतीच्या पुस्तकांपाशी धानाची लोंबी आणि चिखल लागून तबकडी पिवळी पडलेलं एक राकट घड्याळ. रहस्यकथांपाशी काच तडकलेलं घड्याळ आणि किल्ली नसलेलं कुलूप. महाभारतापाशी चार कवड्या आणि काटेच नसलेलं घड्याळ. आता सांगा, जुगारात बसलेल्या माणसाला वेळ कुठे कळते? त्या फळीपुढे मी हात जोडायचेच बाकी होते.

मुलगी पोहे घेऊन आली. नाव सुमन. भंडाऱ्याला राहून बी.ए. झालेली. अशा वेळी विचारायचे प्रश्न ठरलेले असतात. नाव काय, शिक्षण किती, स्वयंपाक येतो का. मी विचारलं, "दर्यावर्दींच्या पुस्तकांपाशी ती शिंपली आहे, ती समुद्रातली का?"

"नाही जी, आमच्या तलावातली," ती म्हणाली. "भंडारा जिल्ह्यात समुद्र कुठून आणू?"

"आणि हे सगळं मांडलं कोणी?"

"घड्या बाबाच्या. मांडणं माझं."

मधुकर पोहे खात होता.

मग मी आणि बापू कपाटापाशी जे उभे राहिलो ते राहिलोच. ते घड्याळ काढत, मी पुस्तक काढत होतो. शेवटी त्यांनी वरच्या फळीवरून एक चौकोनी तबकडीचं घड्याळ उतरवलं. आकडे चांदीसारखे, काटे केसासारखे बारीक. इतकं देखणं घड्याळ मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

"हातात पाहा कसं दिसते," बापू म्हणाले.

मी माझं घड्याळ काढून त्या वरच्या फळीवर ठेवलं. बापूंनी स्वतःच्या हातांनी ते चौकोनी घड्याळ माझ्या मनगटावर बांधलं आणि आम्ही दोघं मान तिरपी करून बघत राहिलो.

मुलीचा मामा सुपारी कातरत होता, त्याचा अडकित्ता थांबला. दारातून काकूंनी, म्हणजे मुलीच्या आईने, डोक्यावरचा पदर पुढे ओढला. मला वाटलं, माझ्या रसिकतेने घर भारावलं.

तेवढ्यात बाहेर कोणीतरी ओरडलं, "साकोली गाडी आली." परतीची ती शेवटचीच. आम्ही चपला पायात सरकवत धावलो.

एसटीत बसल्यावर मधुकर बराच वेळ माझ्या मनगटाकडे बघत होता.

"हे काय हाय?"

मी पाहिलं. माझं घड्याळ एकोडीला आणि एकोडीचं माझ्या हातावर.

"अरे, राहूनच गेलं. देऊ परत."

"परत? आपल्याकडे सासरा घडी कोणाले बांधते, माहीत हाय न तुले?"

मला माहीत होतं. आमच्या भागात त्या वेळी पोरीच्या बापाने घडी बांधली की सोयरीक पक्की. पाहुणा घडी घेऊन उंबरठा ओलांडून गेला, की मागे साखर वाटली जाते.

"मग काय बिघडलं?" मी म्हणालो. "मी तुझ्यातर्फे गेलो होतो. तुझ्यातर्फे घडी घेतली असं धरतील. पोरगी चांगली आहे."

"मी कुठं हो म्हणलं? मले तं नाही म्हणाचं हाय."

"काहून?"

"ते कपाट पायलं काय तू? मी दिवसभर लोखंड हाणून घरी येईन अन् ते पोरगी मले विचारल, हे पुस्तक वाचलं काय? मले भेव वाटते गा."

दिवसभरात त्याने केलेलं हे सर्वांत मोठं भाषण. आणि खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. हे निस्तरायचं कोणी? बोलायला गेला होता त्याने.

रविवारी सायकल काढली. वाटभर वाक्यं जुळवत होतो. एकोडीच्या वेशीवर पानठेला होता. त्या पानवाल्याने मला हात करून थांबवलं.

"साखर खाल्ली जी आम्ही. वरठीच्या पावण्यासाठी घडी नेली म्हणे तुम्ही. बेस झालं. मागच्या साली एक सोयरीक मोडली त्या पोरीची. आता दुसरी मोडली असती तं..."

एवढं बोलून त्याने पानाला चुना लावला. माझी जुळवलेली वाक्यं तिथेच गळून पडली. त्या कपाटापाशी उभी असलेली ती मुलगी, जिने भंडारा जिल्ह्यात समुद्र आणून दाखवला, तिच्या नावाला माझ्या मनगटामुळे बट्टा लागणार होता.

बापूंनी सतरंजी टाकली. काकूंनी साखरेची वाटी पुढे केली. ती खाऊन नकार सांगता येईना, आणि न खाता सांगायला धीर होईना. शेवटी वाटी हातात धरूनच बोललो. मधुकरचा विचार नाही. घडी चुकून आली. दोष सगळा माझा.

काकू आत गेल्या. मामाने अडकित्ता मिटला.

"भाऊजी," तो बापूंना म्हणाला, "तुम्हाले जावई पाहाचा होता का घडी पाहाची होती?"

"हातावर कशी दिसते ते पाहाचं होतं," बापू खाली मान घालून म्हणाले. "सोयरिकीचं ध्यानातच नाही आलं."

"आता गावाले काय सांगाचं? घडी बांधली एकाले अन् पोरगी देऊन राहिलो दुसऱ्याले, अन् तो दुसराही नाही म्हणते?"

हा हिशोब मी तोवर मांडलाच नव्हता. घडी बांधली होती मला. मधुकरचं मनगट त्या दिवशी पोह्यांच्या ताटलीतून वर आलंच नव्हतं. मी त्या घड्याळाकडे पाहिलं आणि, खरं सांगतो, ते काढून द्यायची माझी इच्छा नव्हती. फक्त घड्याळाचं बोलत नाही मी. पण बोलायला गेलेल्या माणसाला नेमकं तेव्हाच बोलता येईना.

"मधुकर नाही म्हणतो," मी कसाबसा म्हणालो. "मी... म्हणजे मी अजून काही म्हटलेलं नाही."

मामा माझ्याकडे पाहू लागला. बापू घड्याळाकडे. दारातून आवाज आला.

"बाबा, आधी पावण्यायले त्यायची घडी दाखवा. मंग काय म्हणतात ते विचारा."

सुमन दारात उभी होती. मी कपाटापाशी गेलो. वरच्या फळीवर माझं घड्याळ नव्हतं. ते खाली, इतिहासाच्या जाडजूड खंडांना टेकून, पवनीच्या किल्ल्याजवळ सापडलेल्या विटेच्या तुकड्याशेजारी मांडून ठेवलं होतं. दिवाळीत घेतलेलं, कोरं करकरीत घड्याळ.

"हे इथं कसं?" मी विचारलं. "नवीन आहे हे."

"रोज रेडिओशी लावून पायलं मी," ती म्हणाली. "रोज मागंच राहते. मंग कुठं ठेवू?"

मामा पहिल्यांदा हसला. बापूंनी विचारलं, "तं मंग साहेब, आमची घडी इथं ठेवता का नेता?"

कचेरीत एका सहीसाठी लोकांना महिना महिना फिरवणारा मी माणूस. त्या दिवशी उभ्या उभ्या निकाल दिला.

"नेतो," मी म्हणालो. "आणि माझी?"

"ते राहू द्या इथंच," सुमन म्हणाली. "सुधारली की वरच्या फळीवर घेऊ."

लग्न झालं, कपाट साकोलीला आलं, माझी पुस्तकं खाटेखालून निघून त्यात गेली. माझं घड्याळ अजून इतिहासातच आहे.