त्रेचाळीस नंबरचा ठप्पा

मी चौथी नापास. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुठं काना-मात्रा हुकली तर कुणी नाक मुरडायचं कारण नाही. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही सांगा, मी लिहिते." मी म्हटलं, राहू दे. हे हात तीस वर्षं लोखंडावर चालले, कागदावर का नाही चालणार?

आमचं मूळ नगर जिल्ह्यातलं. आजोबांपासून आम्ही ख्रिस्ती. भोपाळच्या मोठ्या कारखान्यात मी वेल्डर म्हणून लागलो आणि टाउनशिपमधल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये संसार मांडला. वाफेच्या पाइपांचे जोड मारणं हे माझं काम. त्या पाइपात एवढा दाब असतो, की जोडात सुईच्या टोकाएवढी पोकळी राहिली तरी एखाद्याचा जीव जायचा. म्हणून ते काम शेडमधल्या आठ-दहा जणांनाच देत. प्रत्येकाकडे स्वतःच्या नंबरचा पोलादी ठप्पा. जोड पुरा झाला की शेजारी ठप्पा धरायचा आणि हातोडीचा एक घाव घालायचा. मग तो पाइप कुठल्याही मुलखात जावो, जोड कुणाचा ते लोखंडच सांगतं.

माझा नंबर त्रेचाळीस. शेडमध्ये मला नावानं कुणी हाक मारत नसे. साहेब लोकसुद्धा म्हणायचे, "तैंतालीस को बुलाओ." माझा एकही जोड कधी परत आला नव्हता. ही फुशारकी नाही. म्हणजे आहे, पण खरी आहे.

शेजारच्या बूथमध्ये एक इंदूरचा मराठी गडी होता, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. मीच त्याला हाताखाली घेऊन शिकवलेला. मला दादा म्हणायचा. त्याचं मराठी ऐकून मी म्हणायचो, "अरे, ही हिंदीच आहे, तिला तू लुगडं नेसवलंयस फक्त." तोही काही कमी नव्हता. लेंतच्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या उपासात मी चाळीस दिवस चहा सोडायचो आणि ते शेडभर सांगायचो. तो माझ्यासमोर फुर्र करून चहा ओढायचा आणि म्हणायचा, "दादा, चहा सोडून देव भेटत असला ना, तर कँटीनवाल्याला आजच सांगून देतो, दुकान बंद कर, तुझ्यामुळे लोक नरकात जाऊन राहिले."

चर्चची मोठी उपासना हिंदीत व्हायची. पण आम्ही पाच-सहा मराठी घरं रविवारी संध्याकाळी कुणाच्या तरी क्वार्टरमध्ये जमायचो, मराठीतून गायचो, प्रार्थना करायचो. त्यात टाउनशिपच्या दवाखान्यातली एक म्हातारी नर्स होती. सगळे तिला सिस्टर म्हणत. एका लेंतात तिनं विचारलं, प्रत्येकानं सांगा, तुम्हाला कसला मोह पडतो? कुणी म्हणालं राग, कुणी म्हणालं पत्ते. एकानं दारूचं नाव घेतलं आणि त्याच्या बायकोनं मान खाली घातली. माझी पाळी आली. मी म्हणालो, "मला मोह होत नाही. दारू नाही, तंबाखू नाही, वरकमाई नाही. सवयच नाही आमच्या घरात."

सिस्टरनं चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "भाऊ, मग सैतानाला तुम्ही अजून दखल घेण्याजोगे वाटला नसाल."

सगळे हसले. माझी बायको सगळ्यांत जास्त हसली. पुढचे दोन रविवार मी गेलोच नाही. पोट बिघडलंय म्हणून सांगितलं. ते खोटं होतं, पण मला ते तेव्हा मोजण्याइतकं वाटलं नाही.

आता खरी गोष्ट. माझे डोळे अधू व्हायला लागले होते. लांबचं स्पष्ट, जवळचं धूसर. बायकोनं ओळखलं. एकदा तांदूळ निवडायला मदत करत होतो, तर म्हणाली, "अहो, ताट तेवढं लांब का धरलंय? शेजारणीला दाखवताय का?" गाणी मला पाठ असल्यामुळे चर्चमध्ये कुणाला कळत नव्हतं. पण वेल्डिंगच्या काळ्या काचेमागून वितळलेल्या लोखंडाचा थेंब बघायचा असतो, हरभऱ्याएवढा. त्या एकाचे मला आता दोन दिसायचे. चष्मा लावायचा तर सगळ्यांना कळणार. त्रेचाळीस म्हातारा झाला म्हणतील. मी हाताच्या सवयीवर निभावून नेत होतो. कुणाचा जीव जाईल हे मीच दुसऱ्यांना शिकवायचो, आणि स्वतः अंदाजानं जोड मारत होतो. हे आज लिहिताना लाज वाटते. तेव्हा वाटत नव्हती.

त्याच लेंतात आमची टेस्ट निघाली. दर काही वर्षांनी आम्हाला हात दाखवावा लागे. साहेब दोन प्लेटी देत, त्या जोडायच्या, आपला ठप्पा मारायचा आणि तुकडा टेबलावर ठेवायचा. मग तो प्रेसमध्ये घालून वाकवत. जोडावर चीर पडली नाही तर पास. पडली तर मोठं काम बंद. मग शेडच्या टोकाला जाऊन रेलिंग आणि टाकीचे स्टँड मारत बसायचं, नवशिक्यांबरोबर.

आदल्या दिवशी मी सरावाला एक तुकडा केला. इंदूरवाल्यानं तो उचलला, उलटा केला, अंगठा फिरवला. जोडाच्या मुळाशी पोकळी होती.   तो हळूच म्हणाला, "दादा, सरावाच्या प्लेटी उरल्या आहेत, उद्या मी दोन बनवतो. आपल्या बूथमधल्या पडद्याखालून एक सरकवून देतो. ठप्पा तेवढा तुमचा मारा."

मी म्हणालो, "गप बस."

"कोणाला कळणार आहे? हात तुम्हीच शिकवला ना मला. मग माझा जोड म्हणजे तुमचाच झाला की."

हे त्याचं बोलणं माझ्या मनात असं काही बसलं, की घरी जाईपर्यंत मला ते न्यायाचंच वाटायला लागलं. मोहाचं असं असतं. तो कधी वाईट दिसत नाही. तो वकील घेऊन येतो.

आता एक मध्येच सांगितलं पाहिजे. प्रभूच्या प्रार्थनेत एक विनवणी आहे, की देवा, आम्हाला परीक्षेत घालू नको. लहानपणी मला वाटायचं ती शाळेच्या परीक्षेबद्दलच आहे. चौथीच्या वेळी मी ती एवढी मनापासून म्हटली, की अभ्यास केलाच नाही. देव परीक्षेत घालणारच नाही म्हटल्यावर अभ्यास कशाला? परीक्षा झाली, मी आपटलो, शाळा सुटली. तेव्हापासून ती ओळ आली की मी ओठ नुसते हलवायचो. बायको म्हणायची, "तुम्ही एक ओळ गिळता." मी म्हणायचो, ती ओळ माझ्या कामाची नाही.

टेस्टच्या सकाळी मात्र मी ती मोठ्यानं म्हटली. बायकोनं डोळे उघडून बघितलं. मला काय हवं होतं? साहेब आजारी पडावा, प्रेस बिघडावी, टेस्ट टळावी. शेहेचाळीस वर्षांचा बाप्या, आणि पुन्हा तीच चौथीतली चूक.

साहेब आजारी पडला नाही. मी बूथमध्ये गेलो, पडदा ओढला, रॉडचा होल्डर हातात घेतला, पण ठिणगी पाडलीच नाही. माझ्या प्लेटी तशाच ठेवून बसलो. शेजारून त्याच्या रॉडचा आवाज ऐकत होतो. सुरेख आवाज, तव्यावर भाजी परतल्यासारखा एकसारखा. मग पडद्याखालून तुकडा सरकत आला. अजून गरम होता. मी ठप्पा धरला आणि घाव घातला. त्रेचाळीस. स्वच्छ उमटला. तेवढं एक काम माझं होतं.

तो घेऊन मी टेबलाकडे निघालो. तीस-चाळीस पावलं असतील. लोक बघत होते, कुणी म्हणालं, "आ गए उस्ताद." साहेबानं तुकडा हातात घेतला, नंबर वाचला आणि हसला. "तैंतालीस? इसे क्या मोड़ना। इन्हें तो मैं आँख मूँदकर पास कर दूँ।"

मला वाटलं होतं, पकडलं जायची भीती वाटेल. ती वाटली नाही. उलट त्या माणसानं डोळे मिटून विश्वास ठेवला, तो माझ्या अंगावर आला. वीस वर्षं मी जे नाव जपलं, ते नावच मी चोरीच्या मालावर ठोकून आलो होतो. आणि तिथं, त्या टेबलासमोर, मला ती गिळलेली ओळ कळली. परीक्षा प्लेटींची नव्हतीच. माझी प्रेस टेबलावर नव्हती, माझ्या आत होती, आणि मी वाकत होतो. मी मनात एवढंच म्हणालो, प्रभू, मला होतो मोह. धर मला.

ही माझ्या आयुष्यातली पहिली प्रार्थना, जी मी कुणाकडून पाठ केलेली नव्हती.

मी म्हणालो, "साहब, ये मेरा नहीं है."

साहेबाचं हसू गेलं. "किसका है?"

"मेरा नहीं है. बस."

त्यानं तुकडा उलटा केला. वेल्डरचा हात म्हणजे अक्षर असतं, जाणत्याला ओळखू येतं. त्यानं नजर वर करून इंदूरवाल्याच्या बूथकडे एकदा बघितलं.  हा विचार मी केलाच नव्हता. माझ्या खरेपणाची किंमत त्याच्या नोकरीनं चुकवायची वेळ आली होती.

मी म्हटलं, "ग़लती मेरी है साहब. ठप्पा मैंने मारा."

 साहेबानं तो तुकडा भंगाराच्या पेटीत फेकला. "जाओ. अपना बनाओ."

मी गेलो. माझा केला. ठप्पा मारला. माझ्यासमोर तो प्रेसमध्ये घातला आणि वाकता वाकता मधोमध फुटला. नुसती चीर नाही, उभा फुटला.

दुसऱ्या दिवसापासून मी रेलिंगवर.

इंदूरवाला तीन आठवडे बोलला नाही. शेवटी मीच त्याच्या क्वार्टरवर गेलो. दारातच म्हणाला, "तुमचा देव मोठा, आणि माझी पोरं लहान, हे विसरून गेलात ना दादा?"

"विसरलो होतो," मी म्हणालो. "तुझा तुकडा घेतला तेव्हाही विसरलो, परत केला तेव्हाही. माफ कर."

त्यानं मला कधी माफी मागताना बघितलं नव्हतं. मीही नव्हतं. तो बावरला. आत ओरडून बायकोला म्हणाला, "अगं, दादा माफी मागून राहिले! तब्येत ठीक नाही वाटत त्यांची." मग स्कूटर काढली आणि मला पार बिट्टन मार्केटला घेऊन गेला. तिथं एक ओळखीचा चष्मेवाला होता. मी जाड काळी फ्रेम उचलली तर म्हणाला, "ही नको. आधीच तुम्ही लोकांना घाबरवता."

रविवारी मी मराठी प्रार्थनेला गेलो. सगळं सांगितलं, फुटलेल्या तुकड्यासकट. सिस्टर काहीतरी टोमणा मारेल म्हणून तयारीत होतो. ती म्हणाली, "भाऊ, आज तुम्ही पहिल्यांदा आमच्यात बसलात." तो दारूवाला उठला, माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "मी चार वेळा सोडली, चार वेळा धरली. तुमच्यासमोर बोलायची लाज वाटायची." त्यानंतर तो संध्याकाळी कधी कधी माझ्याकडे येऊन बसायचा, हात थरथरायचे तेव्हा. मी काही उपदेश करत नसे. माझ्याकडे उपदेश उरलाच नव्हता. आम्ही अंगणात मोगऱ्याला पाणी घालायचो आणि ती वेळ टळून जायची. पुढे त्याची सुटली. माझ्यामुळे असं म्हणत नाही. पण तो तेव्हा माझ्याकडे येऊ शकला, हे त्या फुटलेल्या तुकड्यामुळेच. सरळ उभ्या त्रेचाळीस नंबरकडे तो कधी आला नसता.

चष्मा लावून मी पुन्हा टेस्ट दिली. साध्या जोडात पास झालो, वाफेच्या पाइपाच्या जोडात नाही. त्या कामावर मी परत कधी गेलो नाही. ते काम इंदूरवाल्याकडे गेलं, आणि तो माझ्याहून चांगला झाला. हे म्हणायला मला काही वर्षं लागली.

लोक म्हणतात मोहापासून लांब राहावं. राहावंच. पण त्या टेस्टआधी माझा विश्वास म्हणजे आजोबांचा कोट होता, पेटीत घडी घालून ठेवलेला. छान होता, कधी अंगात घातला नव्हता. त्या दिवशी थंडी वाजली तेव्हा घातला, आणि कळलं की तो माझ्या मापाचा आहे.

आता आम्ही भोपाळमधल्याच अयोध्या नगरात राहतो. कॉलनीतली मंडळी बाकावर बसून जुन्या गोष्टी विचारतात. मी ही सांगतो. दर वेळी प्रेसचा प्रसंग जवळ आला की मन म्हणतं, तुकडा नुसता थोडा चिरला असं सांग, कोण बघायला होतं? आज लिहितानाही म्हणालं. मी पेन खाली ठेवून थोडा वेळ बसलो, बायकोला हाक मारली आणि सांगितलं, "बघ, मोह परत आला." ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "येऊ द्या. तुम्ही लिहा." मग मी लिहिलं, उभा फुटला म्हणून.