रंगवलेला रांजण

नाथाजी हवालदार फौजेतून कायमचे घरी आले, आणि हाताला काम नसलेला माणूस काय काय उद्योग करतो ते त्यांच्या बायकोने, राहीबाईने, पहिल्याच महिन्यात पाहून घेतले. गोठ्याचं दार रंगवून झालं, फाटक रंगवून झालं. उरलेल्या हिरव्या ऑइलपेंटचं काय करायचं म्हणता म्हणता हवालदारांची नजर रांजणावर गेली.

हा रांजण कडेगाव रस्त्याच्या फाट्यावर, लिंबाखाली, राहीबाईच्या सासूने बसवलेला. सासूच्या मागे पाणपोई तिने चालवली. नवरा तिकडे सीमेवर, आणि इकडे गावात तिला जो काही मान होता तो या पाण्याचा. उसाच्या फडातून आलेले गडी, एसटीची वाट बघणाऱ्या बाया तिच्या हातचा तांब्या रिकामा करून म्हणायच्या, "राहीकाकी, लय गार हाय बघा."

हवालदारांनी रांजणाला बाहेरून रंगाचे दोन हात दिले, वर तिरंगी पट्टी ओढली. राहीबाई भीतभीतच म्हणाली, "आवं, रंगानं रांजण पाझरायचा न्हाई. पानी गार हुनार न्हाई."

"फौजेत ट्रक रंगवल्यात मी. तू मला शिकवू नगंस."

झालं. त्या उन्हाळ्यात पाणी कोमट लागायला लागलं. लोक एक घोट घेऊन उरलेलं लिंबाच्या बुडात ओतायचे. राहीबाई अंधारात उठून विहिरीचं पाणी आणायची, तरी दुपारी तेच. एकदा भर फाट्यावर, एसटीला थांबलेल्या दहा माणसांत, हवालदार खेकसले, "हिचा हात लागला की पानी गरम हुतंय!" माणसं हसली. हवालदारही हसले. राहीबाईने तांब्या रांजणावर पालथा घातला आणि पदर सावरून घरी निघून गेली. पुन्हा ती फाट्यावर आली नाही. पुढे टपरीवाल्याने जारचं थंड पाणी ठेवलं, आणि हिरवा रांजण कोरडा पडला.

यंदा हवालदारांच्या मनाने घेतलं, पाणपोई परत सुरू करायची. कडेगावच्या बाजारात नवा रांजण घेताना त्यांनी कुंभाराला विचारलं, "ह्याला रंग कंचा चांगला दिसंल?"

कुंभार हसला. "आवं, रंग कशाला? मातीतनं पानी भाईर पाझरतंय, गरमीनं त्याची वाफ हून उडून जातीया, आन् जाताना आतल्या पान्याची गरमी घिऊन जातीया. म्हून तर पानी गार. रंग दिला की पाझरनंच बंद."

हवालदारांना तिथेच आठवलं. राहीने पहिल्याच दिवशी हेच सांगितलं होतं. टेंपोत रांजणाशेजारी बसून येताना त्यांना त्या दहा माणसांचं हसणं पुन्हा ऐकू येत होतं, आणि त्यात सगळ्यांत मोठं हसणं आपलंच होतं, याची त्यांना फार लाज वाटली.

त्यांनी रांजण फाट्यावर बसवला, भरला, भिजू दिला. दुसऱ्या दिवशी रांजणाचं अंग ओलं झालं, तसा तांब्या भरून ते घरी आले. राहीबाई सोप्यात गहू निवडत होती.

"राही, माझंच चुकलं गं. तुझ्या हाताचा काय दोष नव्हता. पिऊन बघ."

तिने सगळा तांब्या संपवला. पदराने तोंड पुसलं. "लय गार हाय."

हवालदारांचा जीव भांड्यात पडला. "मग उद्यापास्नं येतीस न्हवं फाट्यावर? तुझीच पानपोई हाय."

राहीबाईने सूप पुन्हा मांडीवर ओढलं.

"तुमीच जावा," ती म्हणाली. "माझा हात लागला की पानी गरम हुतंय."