भागूनाना आणि मुकुटवाला देव

टीव्हीतला देव मुकुट घालून झोपला की आमच्या घरात बसलेले भागूनाना बेचैन व्हायचे. "आरं, काढा की त्येचा मुकुट! मान आवघडंल," असं पडद्याला सांगायचे आणि पडद्यानं ऐकलं नाही की रागानं माझ्याकडे बघायचे, जणू मालिका मीच काढत होतो.

नाना आमच्या गावचे गुरव. तिसगावच्या बाजारापासून थोडं आत आमचं गाव, आणि घराला लागूनच भैरोबाचं देऊळ. भैरोबा म्हणजे शेंदराचा गोळा आणि त्यात दोन चांदीचे डोळे, बस्स. नाना त्याला रोज कोमट पाण्यानं आंघोळ घालत, तेलात कालवलेला शेंदूर लावत, शेजारती झाली की दागिने उतरवत. त्यामुळे देवांच्या मालिका ते भक्त म्हणून बघतच नसत, धंद्यातला माणूस म्हणून बघत. देवाच्या हातातून वीज निघाली तरी त्यांना तिचं काही नसे. "तीन येळा तोंड दावलं, ढोल बडिवला, पर त्यो न्हायलाय कवा? निवद कोन दावतं त्येला?" एकदा तो देव ढसाढसा रडला. नानांनी लगेच निदान केलं, "उपाशी हाय, दुसरं काय!"

त्याच मालिकेनं घात केला. तरुण मंडळाचा अध्यक्ष बबन, त्याला आपला भैरोबा गावठी वाटू लागला. पठ्ठ्यानं नगरहून फायबरचा देव करून आणला. पिळदार दंड, पोटावर सहा वळ्या, डोक्यावर मुकुट आणि त्याखालून वारा नसतानाही उडणारे केस. हा गाभाऱ्यात बसवायचा आणि जुना भैरोबा बाहेर लिंबाखाली ठेवायचा, असं ठरलं. नानांचा चेहरा खर्रकन उतरला. जन्मभर ज्याला न्हाऊमाखू घातलं, त्याला उन्हात काढायचं! पण ते भांडले नाहीत. "देव उठवायचा तर देवालाच इचारा. कौल लावा," एवढंच म्हणाले.

कौल म्हणजे देवाच्या दोन्ही बाजूंना ओलं फूल चिकटवायचं. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. सगळं गाव जमलं. तास झाला, दोन तास झाले, एकही फूल हलेना.

"नाना, तुमी शेंदूर लई लावलाय," बबन म्हणाला.

"रोजच्यावानीच हाय. देव इचार करतोय. ही काय तुजी मालिका हाय व्हय, अर्ध्या तासात निकाल लागायला?"

मालिकेची वेळ झाली तसा गाव घरी गेला. दुसऱ्या दिवशी आंघोळ घालताना दोन्ही फुलं एकदमच खाली आली. याचा अर्थ काय, हे जुन्याजाणत्यांनाही सांगता येईना. नाना म्हणाले, "देव म्हंतोय, तुमचं तुमी बगा." असा कौल मिळाल्यावर भैरोबाला हात लावायची कोणाची छाती होईना.

नवा देव तात्पुरता दूध डेअरीत ठेवला होता. तो तिथंच कॅनच्या रांगेत छाती काढून उभा राहिला. मला वाटलं, नाना आता मिशीत हसत असतील. पण सकाळी बघतो तर नाना पाण्याची घागर घेऊन डेअरीत!

"नाना, हा तर तुमच्या देवाच्या जागेवर आलेला!"

"आला आसंल. पावना हाय. त्येला बिनआंगुळीचा ठिवायचा का?"

आंघोळीमागून सवयीनं शेंदूर. रोज. दिवाळीपर्यंत पोटाच्या वळ्या बुजल्या, मग दंड गेले, उडणारे केस बसले. वर्षभरात डेअरीत दुसरा भैरोबाच तयार झाला आणि दूध घालायला येणारे त्याला फुलं वाहू लागले. बबननं कपाळावर हात मारून घेतला. मुकुट मात्र अंगचाच असल्यामुळे निघत नव्हता, म्हणून नाना त्या देवाची मान तेलानं चोळून देत. असा वेडा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि इतका जीव मी दुसऱ्या कोणाला लावला नाही.

गेल्या उन्हाळ्यात नाना झोपेतच गेले. घरच्यांना सुतक, त्यांना दहा दिवस देवाला शिवता येईना. दुपार झाली तरी दोन्ही देव पारोसेच होते. शेवटी बबन उठला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. घरून कोमट पाणी आणलं, आधी डेअरीतल्या देवाला न्हाऊ घातलं आणि मग तो गाभाऱ्यात शिरला. मी दारात उभा होतो. शेंदूर लावता लावता त्याचा हात थांबला. भैरोबाच्या डोळ्यांकडे बघत तो मला म्हणाला,

"भाऊ, नाना गेले, ह्ये ह्येला कोनी सांगायचं?"